तिसरी फुली

गेले तीन आठवडे सूनबाईला यादीने झपाटलं होतं. यादी दोन रकान्यांची. डावीकडे तिची शाळेतली इंग्रजी, उजवीकडे समुद्रापलीकडच्या गिऱ्हाइकांची. बॉनेटला हूड, बूटला ट्रंक, विंडस्क्रीनला विंडशील्ड. गाडी तीच, भाषाही म्हणायला एकच, पण नावांवरून नुसती भाऊबंदकी. सासरे जन्मभर गॅरेजमध्ये राबलेले. ते चहा पिता पिता तिची परीक्षा घेत.

"स्पॅनर?"

"रेंच, बाबा."

"कमाल आहे. चाळीस वर्षं हा पाना माझ्या हातात होता, आणि परदेशात जाताच नाव बदलून बसला."

काम होतं रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांना फोनवरून मदत करण्याचं. आधी परीक्षा, आणि तिचा नियम कडक होता. डाव्या रकान्यातला शब्द तोंडून निसटला की फुली, आणि तीन फुल्या झाल्या की घरचा रस्ता. मागच्या खेपेला पहिल्या दहा मिनिटांतच तिच्या तिन्ही फुल्या झाल्या होत्या. ही शेवटची संधी. मुलं हाताशी आल्यावर धरलेली ही पहिली नोकरी, आणि तिला ती जिवापाड हवी होती. सासऱ्यांच्या शेजारी बसून गाडीचा स्क्रू न् स्क्रू शिकलेली ती, पण तिला विचारत कोण, तर मिक्सर बिघडला की शेजारीण.

परीक्षेला खरे फोन होते. शिकवणाऱ्या मॅडम शेजारी हेडफोन लावून, पेन सरसावून बसल्या होत्या. चार फोन झाले. गॅसऐवजी पेट्रोल म्हणाली, एक फुली. लायसन्स प्लेटऐवजी नंबर प्लेट, दुसरी. तरी आतून सूनबाईला मजा येत होती. चारही गाड्या तिने जागच्या हलवल्या होत्या.

पाचव्या फोनवर एक आजी होत्या. आपल्याकडून तिकडे लेकीकडे आठ दिवसांपूर्वी गेलेल्या, लेकीची गाडी घेऊन नातीसह निघालेल्या, आणि चढावर गाडीतून भसाभस वाफा.

"हूड उघडू नका," सूनबाई इंग्रजीत म्हणाली.

"कसला हूड? इथे नाही तसलं काही. मी उघडून पाणी ओतते, बाटली आहे माझ्याकडे."

"नको. हूडला हात लावू नका."

"अगं बाई, ते काय असतं तेच मला कळत नाहीये. हे बघ, हात घातला मी खालच्या खटक्याला."

उकळतं पाणी तोंडावर उडालं की काय होतं, ते सूनबाईने गॅरेजमध्ये एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. मग कसली यादी आणि कसली नोकरी.

"बॉनेट!" ती ओरडली. "बॉनेट उघडू नका. इंजिन बंद करा, नातीला घेऊन लांब उभ्या राहा."

"असं सांग की मग. नाही उघडत," आजी म्हणाल्या.

सूनबाईने त्यांना अर्धा तास थांबून पुन्हा फोन करायला सांगितलं. फोन ठेवला तेव्हा मॅडमच्या कागदावर तिसरी फुली होती.

"नियम आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांनाही ते सांगणं जड गेलं.

सूनबाई नापास झाल्याच्या कागदांवर सह्या करायला खाली गेली. कागद हाती यायलाच अर्धा तास गेला. दोन सह्या झाल्या, तिसरी करत होती, तोच मॅडम जिने उतरून धापा टाकत आल्या.

"चला वर. त्या आजींचा फोन आलाय. आमच्या सगळ्यात हुशार मुलीने घेतला, एकही शब्द चुकली नाही, आणि आजींना एकही कळला नाही. त्या म्हणतायत, मघाची बाई द्या, नाहीतर मी माझ्या मनाने उघडते."

सूनबाई दोन-दोन पायऱ्या चढत वर पोहोचली. हेडफोन हातात घेतला आणि थबकली.

"मॅडम, कुठल्या रकान्यातलं बोलू?"

मॅडमनी परीक्षेचा कागद दुमडून पर्समध्ये घातला.

"त्यांना कळेल ते बोला. आणि उद्या नऊला या, उशीर चालत नाही इथे."