मी मूठ नव्हतो

दुपारी सव्वादोन वाजता मोठ्या भावाने मला धरून अख्खा मदरबोर्ड उचलला. टक् असा आवाज झाला. त्यानंतर तो संगणक सुरू झाला नाही.

मी एक जुना हीटसिंक आहे. मित्रांनो, वापरून जुना झालो असे समजू नका. मी एक मिनिटही काम केलेले नाही. पडून पडून जुना झालो.

तापवून मऊ केलेला अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा फणीच्या आकाराच्या भोकातून रेटतात. पलीकडून लांबच लांब पट्टी निघते आणि करवत तिचे तुकडे पाडते. त्यातला एक तुकडा मी. खाली सपाट तळ, वर उभी पाती. संगणकातली चिप तापली की तिची उष्णता तळाने ओढायची आणि पात्यांवरून हवेला देऊन टाकायची, एवढेच माझे काम. त्याला ना वीज लागते ना अक्कल. मला पुठ्ठ्याच्या डबीत घातले. डबीवर छापले होते, ‘शांत आणि विश्वासू’. मला न बघताच केलेले ते कौतुक.

धाकट्या भावाने मला विकत घेतले. दोघा भावांचे दुकान होते. म्हणजे दुकान मोठ्याचे आणि राबणे धाकट्याचे. तिथे दुकानांच्या पाट्यांसाठी रंगीत चिकट कागदातून अक्षरे कापून देत. अक्षरे कापणारे यंत्र एका जुन्या संगणकावर चाले. यंत्राचे कार्ड दुसऱ्या कुठल्याही मदरबोर्डवर बसत नव्हते, म्हणून तो म्हातारा बोर्ड सगळ्यांनी जपला होता. बोर्डाच्या मधल्या चिपवर एक चिमुकला पंखा होता. तो आधी रातकिड्यासारखा किरकिरू लागला, मग अडकू लागला. चिप तापे, संगणक थिजे आणि अक्षर अर्धेच कापले जाई. दातांच्या डॉक्टरांची पाटी तीनदा वाया गेली.

“तुझ्या हाताला यशच नाही,” मोठा म्हणाला. “पंखा बदलला, परत बंद. तेल घातलं, परत बंद.”

“पंखाच नको, दादा. वर मोठा हीटसिंक बसवतो. फिरणारं काही नसेल तर बिघडणार काय?”

“तू आहेस की बिघडवायला.” मोठा हसला. समोरचे गिऱ्हाईकही हसले. मग गिऱ्हाइकाच्या देखतच मोठा म्हणाला, “ही शेवटची संधी. यंत्र चाललं तर बस दुकानात. नाही चाललं, तर तुझी वाट तुला मोकळी.”

धाकट्याने मला ज्या रीतीने बसवले, ते मी विसरलेलो नाही. त्याने बोर्ड बाहेर काढून टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवला. मागून पकडीने पंख्याच्या खिळ्या चिमटल्या आणि पंखा उतरवला. चिपची उष्णता वर पोचवणारी, वाळून खडखडीत झालेली जुनी पेस्ट स्पिरिटच्या फडक्याने पुसली. खाली चिपच्या मधोमध काचेसारखा चकचकीत चौकोन निघाला, नखाएवढा. सगळे काम तोच करतो आणि तो काचेसारखाच ठिसूळ असतो. धाकट्याने त्यावर तांदळाच्या दाण्याएवढी नवी पेस्ट ठेवली. मला वर टेकवले आणि दोन कोपऱ्यांतल्या दोन स्प्रिंगच्या खिळ्या दोन अंगठ्यांनी एकाच वेळी दाबल्या. एक आधी आणि एक नंतर दाबली असती, तर मी कलंडलो असतो. मी सपाट बसलो. त्याने वाकून चहूबाजूंनी पाहिले.

“वहिनी, बघा, कसा बसलाय!”

वहिनी डबा घेऊन नुकत्याच आल्या होत्या. “मला काय कळतंय त्यातलं? पण छान दिसतोय.”

संगणकाच्या खोक्यात धूळ साठली होती. शेजारच्या गॅरेजात हवेच्या नळीने ती उडवून आणावी, म्हणून धाकटा खोके घेऊन निघाला. दारातून वळून म्हणाला, “दादा, बोर्डाला हात लावू नकोस हं. लावायचाच झाला तर कडेला धर.”

“टेबल माझं, आणि हात मीच लावायचा नाही?” मोठा म्हणाला.

धाकटा गेला. मोठ्याला भूक लागली होती आणि डबा ठेवायला जागा नव्हती. मी बोर्डावर उंच उभा होतो, हाताला आयता सापडणारा. त्याने मला मुठीत पकडले, तिरके करून बोर्ड उचलला आणि कपाटावर ठेवला. बोर्डाचे सगळे ओझे त्या नखाएवढ्या चौकोनाच्या एका कोपऱ्यावर आले. तो कोपरा माझ्या तळाखाली तुटला.

“अहो, काहीतरी वाजलं,” वहिनी म्हणाल्या.

“डब्याचं झाकण असेल.”

“झाकण तर माझ्या हातात आहे.”

मोठ्याने दाराकडे पाहिले. दारात कोणी नव्हते. “वाढ,” तो म्हणाला.

जेवण झाल्यावर त्याने बोर्ड पुन्हा वर्तमानपत्रावर ठेवला, होता तसाच. या वेळी मात्र कडेला धरून.

धाकटा परतला. बोर्ड खोक्यात बसवून त्याने कळ दाबली. पडदा काळाच राहिला. त्याने मेमरी काढून घातली, छोटी बॅटरी काढून घातली, सगळ्या वायरी उपसून पुन्हा खोचल्या. संध्याकाळपर्यंत तो टेबलाखालीच होता.

“पंखा होता तेव्हा किरकिर तरी करत होतं,” मोठा म्हणाला. “आता कसं शांत झालं.”

“मीच जास्त दाबला असेन.”

“असेन काय? दाबलासच.”

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिले. नवऱ्याने वहिनींकडे पाहिले. “भावजी, आधी जेवून घ्या,” वहिनी म्हणाल्या. त्यावर त्या एवढेच बोलल्या.

धाकटा दुकान सोडून निघाला, तेव्हा मोठ्याने माझ्यासकट बोर्ड त्याच्या हातात दिला. “घेऊन जा. कोणी काम शिकवायला लागलं की हा दाखव.” वहिनी दारापर्यंत आल्या. “भावजी...” म्हणाल्या. तो थांबला. “सांभाळून जा,” म्हणून त्या आत गेल्या.

आता तो दुसऱ्या गावात एका मोठ्या दुकानाच्या दाराशी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पिशव्या तपासतो. एका मित्राबरोबर भाड्याच्या खोलीत राहतो. मी बोर्डासकट खोलीतल्या फळीवर आहे. नळ गळो, पंखा अडको, तो हात लावत नाही. “माझा हात जड आहे,” म्हणतो. हे मोठ्याचे वाक्य आहे. मोठा ते गिऱ्हाइकांना रंगवून सांगतो, नातेवाईक ते इथवर पोचवतात, आणि आता ते याच्याच तोंडी बसले आहे.

मित्रांनो, बोर्ड उचलताना कडेला धरा. वर जे उभे असते ते मूठ नसते. आणि तुमच्या हातून काही वाजले, तर त्याच क्षणी बोला. उशीर केलात तर गप्प राहणे फार सोपे जाते; त्या घरात ते दोघांनाही सोपे गेले.

काल खोलीतल्या मित्राचा संगणक तापू लागला. त्याने फळीवर मला पाहिले.

“हा मला काढून दे ना.”

“तूच काढ. माझा हात जड आहे.”

“अरे, तो बोर्ड मेलेलाच आहे. अजून किती मारशील?”

धाकट्याने बोर्ड फळीवरून काढून मांडीवर घेतला. मग त्याने पकड मागितली.

मी निघालो की खाली तुटलेला कोपरा दिसेल. तो पाहून तो म्हणेल, बघ, मीच दाबला होता. पण त्याने आणखी वाकून पाहिले, तर त्याला दिसेल की पेस्ट चौकोनभर सारखी पसरली आहे आणि जिथे कोपरा तुटला ती कड मात्र कोरडी, स्वच्छ आहे; दाबताना तुटली असती तर पेस्ट तिच्यातही शिरली असती. म्हणजे मी सपाट बसलो होतो, आणि तुटले ते नंतर. तेव्हा तो गॅरेजात होता. एवढे कळण्याइतके काम त्याला येते. तो वाकेल का, मला ठाऊक नाही.

काल संध्याकाळी त्याने एक खिळी सोडवली. दुसरी अजून बसलेली आहे.