हात सोडून सरळ

डॉक्टरीण अवजारांच्या दुकानातून परतली तेव्हा तिचा चेहरा इतका फुलला होता की आईला वाटलं, हिचं लग्नच ठरलं की काय. दोन जड पेट्या तिने गॅरेजच्या फरशीवर दाणकन ठेवल्या आणि झाकणं उघडून तिथेच उकिडवी बसली. एका पेटीत स्प्रिंग दाबून धरायचे दोन लांब स्क्रू होते, प्रत्येकाला वर-खाली अडकवायचे आकडे. दुसरीत पुलर होता, रुतून बसलेला सांधा ओढून सोडवणारा, खेकड्याच्या नांगीसारखा. अवजारं भाड्याची, संध्याकाळी परत द्यायची; नव्या स्प्रिंगा आणि सांध्यांची नवी टोकं मात्र अंदाजाने विकत आणलेली.

"एवढ्याशा कामाला एवढा लवाजमा?" बाबा दारातून म्हणाले. "हातोडी आहे, पाना आहे. बाकी सगळी थेरं."

"बाबा, जरा वर बघा."

बाबांनी अजिबात वर बघितलं नाही. वर पत्र्याला चांगला नारळाएवढा पोचा होता. फार वर्षांपूर्वी त्यांनी दोरीने आवळलेली स्प्रिंग सुटली होती आणि त्यांच्या कानाजवळून जाऊन पत्र्यावर आदळली होती. त्या पोच्याचा विषय निघाला की बाबांना हमखास दुसरं काहीतरी काम आठवायचं.

डॉक्टरीण दातांची. चुकीच्या हत्यारानेही दात निघतो, पण जबड्याची वाट लावून निघतो, हे तिचं ठाम मत होतं आणि ते ती गाडीलाही लावत होती. गंमत म्हणजे तिला गाडी चालवता येत नव्हती. खोलायची मात्र भारी हौस.

बाबा निवृत्त होईपर्यंत शाळेची बस चालवत. हात सोडल्यावर जी गाडी सरळ जात नाही तिच्यात माणूस बसवायचा नाही, हा त्यांचा नियम. निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी ते तिला दवाखान्यातून घरी आणायचे. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावून झाल्यावर बाबांच्या तोंडून गल्लीभरच्या उखाळ्यापाखाळ्या ऐकत घरी यायचं, यापेक्षा मोठं सुख तिला माहीत नव्हतं.

मग एकदा दादाने गाडी नेली आणि कोपऱ्यावरच्या फुटपाथला घासून आणली.

"नाचता येईना, अंगण वाकडं," बाबा म्हणाले.

"अंगण खरंच वाकडं आहे," दादा म्हणाला. "स्वतः हात सोडून बघा."

बाबांनी मोकळ्या रस्त्यावर हात सोडले. गाडी थेट डावीकडच्या गटाराकडे निघाली.

त्या दिवशी बाबांनी किल्ली खिळ्याला अडकवली. "गाडी एवढी ओढतेय आणि मला पत्ता नाही. ज्या ड्रायव्हरला एवढंही कळत नाही, त्याने घरी बसावं." आणि बसलेच. खिडकीत, एकाच खुर्चीत. गल्लीतल्या भानगडीही त्यांना गोड लागेनात. शेवटी दादाने गाडीला गिऱ्हाईक बघितलं. ते आज संध्याकाळी येणार होतं.

म्हणून डॉक्टरणीने पैज लावली. संध्याकाळच्या आत ती गाडी दुरुस्त करणार, बाबांनी ती चालवायची आणि हात सोडायचे. गाडी सरळ गेली तर गिऱ्हाईक माघारी आणि किल्ली बाबांच्या खिशात. बाबा नुसतं "हं" म्हणाले होते.

गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, चढली, कारण नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली हात घालायचा नसतो. चाकं उतरली. तिने स्टिअरिंग सरळ करून पट्ट्याने बांधून टाकलं. मग चाकाकडे जाणारा स्टिअरिंगचा दांडा हातात धरून हलवला. त्याच्या टोकाचा सांधा खुळखुळला.

"हलतोय!" ती ओरडली. "बाबा, दात हलतोय!"

शिवाय डावीकडच्या स्प्रिंगचा खालचा वेढाच तुटला होता. गाडी डाव्या पायाने लंगडत होती म्हणा ना.

सांध्याचा नट तिने सैल केला, पण पूर्ण काढला नाही, सुटताना सांधा उडू नये म्हणून. जुनं टोक दांड्यावर जिथपर्यंत बसलं होतं तिथे नखाला लावायच्या लाल रंगाने खूण केली. मग पुलर अडकवून बोल्ट पिळायला लागली. पिळला. अजून पिळला. काही होईना.

"हातोडी देऊ?" बाबांचा आवाज मधाळ होता.

"नको!" ती दातओठ खाऊन म्हणाली आणि आणखी अर्धा फेरा दिला.

टक्क! बंदुकीचा बार उडावा तसा आवाज झाला आणि सांधा निमूटपणे सुटला. ना ओरखडा, ना घाव. डॉक्टरीण जागच्या जागी उडी मारून उठली आणि तिचं डोकं फेंडरवर आपटलं, तरी हसतच होती.

बाबा आता दारात नव्हते. ते तिच्या शेजारी गुडघे टेकून बसले होते. "उजवीकडचा मी काढतो," ते म्हणाले. "सरक जरा."

त्यानंतर गॅरेजमध्ये नुसता उत्साह उतू चालला. स्प्रिंग दाबायची वेळ आली तेव्हा दोघं समोरासमोर बसले. एक फेरा तिचा, एक बाबांचा, म्हणजे स्प्रिंग तिरकी दबणार नाही. वेढे जवळ जवळ येत गेले. दोघांनीही श्वास रोखले होते. जुनी स्प्रिंग मुकाट निघाली, नवी मुकाट बसली, तशीच दुसऱ्या बाजूचीही. तेव्हा कुठे बाबांनी वर बघितलं.

"तेव्हा हे असतं तर..." ते म्हणाले, आणि खो खो हसत सुटले. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदा हसत होते.

नवी टोकं लाल खुणेपर्यंत बसवली. प्रत्येक नट मापाच्या पान्याने, म्हणजे पुरेसा जोर लागला की 'कट' वाजणाऱ्या पान्याने, तेवढाच आवळला. उद्या चाकांची अलाइनमेंट मशीनवर तपासून घ्यायची होतीच. पण आजची परीक्षा बाबांची होती.

गिऱ्हाईक आलं. आईने त्याला चहाला बसवलं आणि हे तिघं बंद कारखान्यामागच्या रिकाम्या रस्त्यावर गेले. बाबा स्टिअरिंगवर, डॉक्टरीण शेजारी, दादा मागे. बाबांनी सीट पुढे घेतली, आरसा पुसला, गाडी हळू सोडली.

गाडी उजवीकडे जायला लागली.

बाबांनी ती मध्यावर आणली. पुन्हा उजवीकडे.

"आता उजवीकडे ओढतेय," दादा मागून म्हणाला. त्यालाही वाईट वाटलेलं दिसत होतं.

डॉक्टरीण मनात एकेक नट आठवू लागली. खूण चुकली? नट राहिला? डोळ्यांत पाणी येणार, इतक्यात तिचं लक्ष बाबांच्या हातांकडे गेलं. रुंद, काळे पडलेले हात. ते स्टिअरिंग उजवीकडे ओढून धरत होते. मध्यावरचं चिन्ह कलंडलं होतं. बाबा समोर बघत होते. हातांचं काय चाललंय याची त्यांना खबरच नव्हती.

"बाबा, गाडी नाही, तुम्ही ओढताय!"

"मी? छे!"

"तुमचे हात बघा! गाडी डावीकडे जायची आणि हे तिला उजवीकडे ओढून धरायचे. रोज! मी शेजारी बसलेली असायचे आणि आपण सरळ घरी यायचो." तिचा आवाज चिरकला. "पत्ता नव्हता म्हणता? तुमच्या हातांना पत्ता होता, बाबा! ते अजून सांभाळताहेत."

बाबांनी खाली बघितलं. स्वतःच्याच हातांकडे, ओळखीचं माणूस अचानक भेटावं तसं. मग एकेक बोट मोकळं करत त्यांनी दोन्ही हात उचलले आणि स्टिअरिंगच्या वर, जेमतेम बोटभर अंतरावर धरले.

स्टिअरिंग आपसूक फिरून मध्यावर आलं. गाडी सरळ गेली. कारखान्याची भिंत बाजूने सरकत राहिली, तिच्यातलं नि गाडीतलं अंतर तसूभरही बदललं नाही.

"जातेय!" दादाच सगळ्यात मोठ्याने ओरडला. "अहो बाबा, जातेय!"

रस्ता संपत आला तेव्हा बाबांनी स्टिअरिंग धरलं, दोन बोटांनी, अलगद.

"गाडी तू सरळ केलीस," ते म्हणाले आणि नाक ओढलं. "आता या हातांना कुठला पुलर लावणार?"

"त्यांना नाही लावायचा," डॉक्टरीण म्हणाली. "उद्या संध्याकाळी सहाला दवाखान्याच्या दारात या."