दुसरा थेंब

मला आरसा समजू नका, मित्रांनो. मी एक जुनी काळी काच आहे. तळहातावर मावेन एवढी, आणि अंगावर गोल गोल खळगे. माझ्यात कुणाला तोंड दिसत नाही. माणसाच्या आत काय चाललंय ते मात्र दिसतं, आणि ते बघून कधी कधी मलाच कापरं भरतं.

मी कुठल्या कारखान्यात घडले ते आठवत नाही. नव्वदच्या दशकात कोल्हापुरात आले, राजारामपुरीतल्या एका छोट्या लॅबमध्ये. पुढे लॅब, मागे घर. सोमशेखरअण्णा आणि त्यांच्या पत्नी विद्याश्रीवहिनी, दोघंही तिथे रक्त तपासायचे. माझं काम सोपं होतं. अंगात सूज भडकली की लिव्हर रक्तात एक द्रव्य सोडतं, त्याला सगळे सीआरपी म्हणतात. रक्तावरचं पिवळसर पाणी माझ्या खळग्यात घालायचं, त्यात दुधासारखं औषध मिसळायचं आणि मला हळूहळू डोलवायचं. दूध नासल्यासारखे दाणे धरले, तर सीआरपी वाढलंय. नाही धरले, तर माणूस बरा.

पण यात एक फसगत आहे. ते द्रव्य फारच वाढलं, तर दाणे धरतच नाहीत! सगळ्यात आजारी माणसाचा थेंब अगदी निरोग्यासारखा निवांत पडून राहतो. म्हणून तेच पाणी सलाइन घालून पातळ करायचं आणि शेजारच्या खळग्यात दुसरा थेंब घालायचा. मग खरं काय ते वर येतं. अण्णा कुणाचाही दुसरा थेंब चुकवत नसत. काम झालं की मला मऊ फडक्याने पुसायचे आणि म्हणायचे, "ही काच खोटं बोलत न्हाई."

मग २००९ साल आलं. स्वाइन फ्लूच्या भीतीने सगळं शहर तोंडाला रुमाल बांधून फिरू लागलं. हातकणंगल्याचा पिराजी स्वतः मोटारसायकल चालवत आला. "नुसती सर्दी हाय ओ," असं म्हणून बाकावर बसून हसत होता. त्याचा पहिला थेंब गप्प होता. दुसऱ्यात दाणेच दाणे. तो हसत होता आणि त्याचं रक्त माझ्यावर गोठल्यासारखं होत होतं. अण्णा म्हणाले, "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा." तो म्हणाला, "उद्या जातो की." रिपोर्ट न्यायला नंतर त्याचा भाऊ आला. त्याने डोक्याचे केस काढले होते.

त्याच महिन्यात वहिनींना ताप आला. दोन शब्द बोलल्या तरी धाप लागायची. अण्णांनी त्यांचं रक्त काढलं आणि पहिला थेंब माझ्यावर घातला. थेंब शांत होता. फार शांत. मी ओरडत होते, मित्रांनो, पण काचेचं ओरडणं कोण ऐकणार? अण्णांचा चेहरा उजळला. त्यांनी गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला, डोळे मिटले आणि मला तशीच टेबलावर ठेवून दिली.

आतून वहिनींनी विचारलं, "अहो, दुसरा थेंब केला का?"

"केला की! कायबी न्हाई. साधा ताप हाय. पड तू."

थोड्या वेळाने वहिनी भिंत धरत धरत बाहेर आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा एकच खळगा ओला होता. शेजारचा कोरडा ठणठणीत. त्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी मान खाली घातली.  वहिनींनी स्वतःच्या रक्ताचं पाणी स्वतः पातळ केलं, औषध मिसळलं आणि मला हातात घेतलं. मला डोलवावं लागलंच नाही. त्यांचा हात तापाने थरथरत होता, तेवढं पुरलं. दाणे वर आले. काळ्या अंगावर पांढरेशुभ्र. एवढे दाणे मी जन्मात पाहिले नव्हते.

त्यांनी मला अण्णांपुढे धरलं. "वाचा."

अण्णांनी तोंड फिरवलं.

"मग मीच वाचते. लई वाढलंय. रिक्षा बोलवा."

त्या दवाखान्यात गेल्या आणि घर सुनं झालं. मला कुणी धुतलं नाही. वहिनींचे दाणे माझ्यावरच वाळून बसले. अण्णा कपडे न्यायला यायचे, माझ्यापुढे उभे राहायचे आणि हात न लावता परत जायचे. तिकडे त्या ऑक्सिजनवर होत्या. त्यांचा श्वास चालू आहे की नाही, ते मला कळत नव्हतं. फार भीती वाटायची.

वहिनी वाचल्या. दसऱ्याच्या सुमारास घरी आल्या, काडीसारख्या झालेल्या, आणि त्यांनीच मला धुतलं. पुढे आकडे छापून देणारं मशीन आलं आणि मी ड्रॉवरमध्ये गेले. कुणी आठवण काढत नाही, त्याचं थोडं वाईट वाटतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं मी सांगणार नाही. काचच मी, कधीतरी फुटेन. पण आपल्या माणसाला खोटा धीर देऊ नका. अण्णा वाईट नव्हते. वहिनींवर त्यांचा फार जीव होता, म्हणून तर दुसऱ्या थेंबाला त्यांचा हात पुढे झाला नाही. आता ते प्रत्येक रिपोर्ट दोनदा बघतात. वहिनी मात्र त्यांना "केलं का?" असं कधीच विचारत नाहीत. त्या उठतात आणि स्वतः बघतात.