अर्पितच्या चक्कीचा काटा

धवल हे लिहिणारच नव्हता. स्वतःची फजिती कोण लिहितं? पण धारहून देवासला परतताना बसमध्ये राहवेना, म्हणून मोबाइलवरच टाइप करत बसला.

धवलचं आजोळ धारचं. आजोळाला लागूनच अर्पितच्या बाबांची पिठाची चक्की. सुट्टीत दोघं पोत्यांवर बसून भिंतीवरच्या मीटरकडे बघायचे. चांगलं थाळीएवढं, चक्की किती करंट ओढते ते दाखवणारं मीटर. गहू पडला की काटा वीसवर, हरभरा पडला की त्याच्याही पुढे. डब्यात न बघता काट्यावरून धान्य ओळखायचं, हरेल त्याने शेव आणायची. अर्पितचे बाबा पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया उडवत हसायचे. एका गोष्टीत मात्र हसणं नाही. काटा खाली पडल्याशिवाय दगडांजवळ हात न्यायचा नाही.

बाबा गेले त्याला तीन वर्षं झाली. अर्पित पीथमपूरला कंपनीत, चक्की त्याची आई, जानकीबाई बघतात. गेल्या महिन्यात मीटर जळलं.

"डिजिटल लावू का?" अर्पितने विचारलं.

"ते आकडे लुकलुकतात रे. मला काटाच पाहिजे."

मग अर्पितचा फोन आला देवासला, धवलकडे. धवल घरी असले काटेवाले मीटर बनवतो, सगळं यूट्यूबवर बघून शिकलेला. म्हणाला, "तबकडी तीच ठेवतो भिया, आतलं मशीन माझं."

आधी खेळण्यातली सर्वो मोटर बसवून बघितली. ती उभ्या जागी किरकिरायची आणि काटा थरथरायचा. व्हिडिओ कॉलवर जानकीबाई म्हणाल्या, "ह्याला ताप आलाय काय?" मग गाडीच्या डॅशबोर्डातली छोटी स्टेपर मोटर मागवली. आवाज नाही, थरथर नाही. काटा असा फिरायचा की बघत राहावं. धवलने तीच पक्की केली.

रविवारी मीटर भिंतीवर चढलं. गहू पडला, काटा सावकाश वीसवर गेला. जानकीबाई एकटक बघत राहिल्या. "ह्यांच्या वेळी असंच जायचं," म्हणाल्या. धवलला एकदम शेवेचा वास आल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात दाणे अडकले, आणि लाइटही गेली. चक्की घरघरत थांबली. काटा वीसवरच.

जानकीबाई हात मागे घेऊन उभ्या.

"आई, काढ ना दाणे. लाइट गेलीय," अर्पित म्हणाला.

"काटा पडू दे."

"अगं, चक्की बंद झालीय, दिसत नाही का?"

"काटा पडल्यावर हात. तुझ्या बाबांनी सांगितलंय."

रांगेतला एक जण ओरडला, "काकी, बिना लाइट के चल री हे चक्की!"

सगळे हसले. धवलही हसला. आणि मग त्याचं हसू जिरलं.

जुन्या मीटरला स्प्रिंग होती. करंट गेला की काटा आपोआप खाली यायचा. मोटरला स्प्रिंग कुठली? जिथे होती तिथेच ती थांबते. आज वीसवर थांबली. उद्या मोजणी चुकून शून्यावर अडकली आणि दगड फिरत असले, तर काकू काट्यावर भरवसा ठेवून हात घालणार.

खरं सांगायचं तर लाइट गेल्यावर काटा उभा राहतो, हे त्याने घरी टेबलावर बघितलं होतं. उलट आवडलंच होतं, व्हिडिओत मस्त दिसतं म्हणून.

त्याने गुपचूप मीटर उतरवलं.

"हात मागे घेतलास ते बरोबरच केलंस, काकू. चूक माझी आहे."

जानकीबाई पदराने तबकडीवरचं पीठ पुसत राहिल्या.

बस स्टँडवर अर्पित म्हणाला, "सोड यार. डिजिटलच लावून टाकतो. आई शिकेल हळूहळू."

"नको."

"मग?"

"मोटरच नको. कबाड्याच्या भंगारात स्प्रिंगवालं जुनं मीटर शोधतो आणि ह्याच तबकडीमागे बसवतो. पंधरा दिवस दे. आणि ऐक, बसवल्यावर आठ दिवस चक्कीवर मी बसेन. लाइट जाईल तेव्हा दर वेळी काटा पडतो का ते मी बघेन. तोवर काकूंना हात घालू देणार नाही. शब्द देतो तुला, अर्पित."