रिकाम्या पिंजऱ्याचं गणित

जुनं गणित पुन्हा करून वहिनींनी पडद्यावरचा आकडा पाहिला. ज्या पिंजऱ्याला त्यांनी 'टिकणारच नाही' म्हणून निकालात काढलं होतं, तोच सगळ्यांत मजबूत निघाला होता.

वहिनींचं काम गणिताचं. कार्बनच्या अणूंचे पोकळ पिंजरे, म्हणजे फुलरीन, आणि त्यांच्या आत कोंडलेला धातू, यांची आकडेमोड त्या संगणकावर करत. त्याच इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचा धाकटा दीर विजेच्या ठिणगीत ग्राफाइट जाळून असे पिंजरे खरोखर बनवायचा. सगळे त्याला काजळ्या म्हणत.

काजळ्याला नवा पदार्थ मिळाला होता, बाटलीच्या तळाशी जेमतेम दिसेल एवढा. हा टिकेल का, विचारायला तो वर आला. वहिनींनी चहा पितापिता गणित उरकलं, नकार दिला आणि वर टोमणाही मारला, की काजळीत हात घालणाऱ्याला कोळसाही हिराच दिसतो. बिचाऱ्याने पदार्थ टाकाऊ द्रावणाच्या डब्यात ओतला. आज त्याच्या नोकरीची मुदत संपत होती.

आत बसलेला धातू आपले सहा इलेक्ट्रॉन पिंजऱ्याला देऊन टाकतो. ते एका जागी न अडकता कड्याकड्यांतून खेळते राहतात. हीच अॅरोमॅटिसिटी, आणि एरवी डळमळणारा पिंजरा तिच्याच जोरावर तग धरतो. वहिनी हे दरवर्षी वर्गात शिकवत. पण त्या दिवशी त्यांनी विद्युतभार शून्यच ठेवला आणि रिकामा पिंजरा तपासून मोकळ्या झाल्या. उंटावरून शेळ्या हाकल्या, दुसरं काय!

प्रयोगशाळा चालवणाऱ्या साहेबांना सांगावं तर आपलीच शोभा. न सांगावं तर काजळ्याला तोंड कसं दाखवायचं? स्वतःची लाज वाटत असतानाच वहिनी साहेबांच्या खोलीत शिरल्या आणि सगळं सांगून टाकलं.

साहेब म्हणाले, "पदार्थ ओतून दिल्यावर त्या गणितातला शून्य मी पाहिला होता. हे गणित कोणी केलं विचारलं, तर काजळ्या म्हणाला, मीच. एवढी ढोबळ चूक करणाऱ्याला कसं ठेवणार? त्याची जागा मी दुसऱ्याला देऊन बसलो."

म्हणजे काजळ्याला सगळं ठाऊक होतं. तरी रोज रात्री तो त्यांच्याच शेजारी जेवायला बसत होता, भाजी वाढून घेत होता.

तळमजल्यावर तो आपलं सामान खोक्यात भरत होता.

"भाऊजी, माझं नाव का नाही सांगितलंत?"

"तुम्ही हेच शिकवता ना, वहिनी. पोरं हसली असती तुम्हाला." तो हात पुसत थांबला. "पण खरं सांगा, टिकला असता ना तो?"

"टिकला असता."

काजळ्याचा चेहरा उजळला. त्याला मनापासून आनंद झाला होता, आणि वहिनींना तोच सोसवेना.