सतरावं नाव

कागदावरून खाली सरकणारं बोट लिगायाने सतराव्या नावावर थांबवलं, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. रोसेंदो कातिग्बाक. पुढे ठसठशीत सही.

"ही सही कधीची गं?"

"सगळ्या एकाच दिवशीच्या, तीता. जूनमधल्या सुनावणीच्या," खिडकीपलीकडून नगरपालिकेची कारकून क्रिसेल म्हणाली. लिगायाला सगळा बाजारच तीता, म्हणजे मावशी, म्हणे.

त्या दिवशी सभागृहाच्या दारातच टेबल मांडलं होतं. सही करा, जेवणाचा डबा घ्या, आत बसा. बाजारातले बेचाळीस दुकानदार आत बसले आणि घसा बसेपर्यंत 'नको' म्हणाले. परवान्याच्या रकमेवर आणखी चौथा हिस्सा कर, आणि तोही कशासाठी, तर महामार्गापासून नव्या मॉलपर्यंतच्या रस्त्यासाठी! आपली गिऱ्हाइकं पळवणारी वाट आपणच बांधून द्यायची? एकतीस वर्षं बाजारात खानावळ चालवणारी लिगाया सगळ्यांत जास्त बोलली. पण ठराव बाहेर आला तेव्हा हजेरीच्या त्याच कागदाच्या माथ्यावर एक ओळ टंकलेली होती : खालील व्यापाऱ्यांची या करास संमती आहे.

"ओळ मागाहून घातली हे सिद्ध करणं अवघड," प्रांताच्या मुख्य गावातला वकील तिला म्हणाला होता. "पण एक जरी सही खोटी निघाली, तरी अख्खा कागद कोसळेल. मुदत शुक्रवारपर्यंत."

आज गुरुवार होता. आणि रोसेंदो फेब्रुवारीतच वारला होता. त्याच्या नऊ रात्रींच्या प्रार्थनांना आलेल्यांसाठी लिगायानेच भात रांधला होता.

क्रिसेलने काही न विचारता कागदाची प्रत काढून दिली. "माझं नाव घेऊ नका," एवढंच पुटपुटली.

लिगाया जवळजवळ पळतच बाजारात आली. रोसेंदोच्या पंखेदुरुस्तीच्या दुकानात आता त्याचा मुलगा एफ्रेन बसत असे.

"एफ्रेन, सापडले चोर! मेलेल्या माणसाची सही ठोकलीय मेल्यांनी. तुझ्या बापाची!"

एफ्रेनने प्रत पाहिली. पान्हा खाली ठेवला. मग उठून दुकानाचा पत्रा अर्धा खाली ओढला.

"त्यांनी नाही, तीता. मी केली."

"तू?"

"परवाना अजून बाबांच्याच नावावर आहे. माझ्या नावावर करायला गेलो तर जागाच काढून घेतील, नव्याने कुणालाच देत नाहीत आता. दारात नाव विचारलं, मी परवान्यावरचं सांगितलं. आणि बायकोला सातवा लागलाय."

"गाढवा, मग आलासच कशाला मरायला?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, दुकानामागे एक तरी माणूस हवाच."

लिगायाने प्रतीची घडी घातली, पुन्हा घडी घातली, आणि खानावळीत येऊन ती चुलीत सारली.

शुक्रवारची सकाळची बस गेली. भाजीवाली चोलेंग दाराशी उभी राहिली.

"गेली नाहीस वकिलाकडे?"

"काही सापडलं नाही कागदात."

"इतके दिवस खेटे घातलेस आणि काही सापडलं नाही?" चोलेंग हसली. "काय दिलं गं त्यांनी तुला?"

लिगाया पातेल्यात डाव फिरवत राहिली. त्या दिवसापासून चोलेंग जेवायला दुसरीकडे जाऊ लागली. हळूहळू तिच्यामागून आणखीही काही जण गेले.

जानेवारीत वाढीव कर भरायला रांग लागली. क्रिसेल खिडकीतून एकेक नाव पुकारत होती.

"रोसेंदो कातिग्बाक!"

रांगेतली कुजबुज थांबली. त्याच्या शवपेटीला खांदा दिलेले चौघे त्या रांगेत होते. कुणी चपलेचा अंगठा बघत होतं, कुणी छत. क्रिसेलने मान वर केली नाही.

"हजर," एफ्रेन म्हणाला.

चोलेंगने वळून त्याच्याकडे पाहिलं, मग बराच वेळ लिगायाकडे. ती रांगेतून जरा बाजूला सरली आणि तिने त्याला पुढे जाऊ दिलं.