मुहूर्ताचा टाका

खंडेनवमीच्या सकाळी रुपाली साइटवर आली आणि तिने कुणालाही हेल्मेट घालायला सांगितलं नाही. लोकांना ते खटकलं. एरवी ही बाई फाटकातून आत पाऊल टाकलं की सुरू व्हायची. चष्म्याशिवाय ग्राइंडर धरलेल्या माणसाला, "डोळे गावाला ठेवून आलात का?" असं शांतपणे विचारायची. तिच्या माघारी तिला सगळे हेल्मेटबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला काही वाटत नसे.

पुण्याजवळ मांजरी गावाच्या अंगाला, जिथे परवापरवापर्यंत ऊस उभा होता, तिथे आता एका आयटी कंपनीच्या काचेच्या इमारती उठत होत्या. रुपाली तिथली सेफ्टी ऑफिसर. लोखंडी सांगाड्याचं काम हिंदुरावांकडे होतं. ते इथलेच बागाईतदार. काळाची पावलं ओळखून त्यांनी उसाच्या बांधावर आधी पत्र्याची वेल्डिंगची शेड टाकली आणि आयटीवाले आल्यावर एकदम मोठे ठेकेदार झाले. साइटवर त्यांना सगळे मालक म्हणत. रुपाली त्यांच्यासाठी नुसती मॅडम होती. तिचं सासरचं आडनाव त्यांच्या ओळखीचं असण्याचं कारण नव्हतं.

खंडेनवमीला हत्यारं धुवावीत, पुजावीत आणि त्या दिवशी त्यांना विसावा द्यावा, ही सगळ्यांची रीत. हिंदुरावांनी तिला स्वतःचं एक शेपूट जोडलं होतं. नारळ फुटला की वेल्डिंगचा एक टाका मारायचा, मुहूर्ताचा. म्हणजे वर्षभर काम तुटत नाही, असं ते म्हणत. देवापुढे चामडं चालत नाही, म्हणून टाका मारणाऱ्याने बूटही काढायचे आणि हातमोजेही.

असाच मुहूर्ताचा टाका मारताना रुपालीचे वडील गेले होते.

उत्तरेश्वर पोटासाठी बार्शीकडून पुण्यात आलेला माणूस. खडकीत एका खोलीत बिऱ्हाड, आणि हिंदुरावांच्या शेडमधला सर्वांत सरळ हात त्याचा. "वेल्डिंगचा करंट मारत नाही, नुसता चुणचुणतो," असं शेडमध्ये म्हणत. कोरडे हातमोजे आणि बूट अंगावर असेपर्यंत ते खरंही वाटायचं. पण वेल्डिंगच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरला जोडलेल्या, रॉड पकडायच्या होल्डरवर, ठिणगी पेटायच्या आधी, सत्तर-ऐंशी व्होल्ट उभे असतात. ओल्या हाताच्या, ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या माणसाच्या काळजाला तेवढे पुरतात. वडील गेले त्या वेळी रुपाली अकरावीला होती. व्होल्टचं हे गणित तिला पुढे बी.एस्सी.ला असताना, फिजिक्सच्या प्रयोगशाळेत समजलं, आणि तिथेच तिने ठरवलं की आपण कोणती नोकरी धरायची.

एकच गोष्ट मात्र तिला कोणत्याही नियमाने सुटत नव्हती. हिंदुरावांनी पोलिसांना सांगितलं होतं, सणासुदीचा पिऊन आला होता, तोल गेला. आणि इंदुबाईंनी, तिच्या आईने, प्रेताच्या तोंडाला येणारा दारूचा वास स्वतः घेतला होता. हयातीत न प्यायलेला नवरा नेमका मरायच्या दिवशी प्यायला, हे त्या बाईने गिळलं, पण तिला ते कधी पचलं नाही. तेव्हापासून नवऱ्याच्या फोटोला हार घालताना ती त्याच्या तोंडाकडे बघत नसे. आपण मरायच्या आधी तरी खरं कळावं, एवढंच ती म्हणे. या वर्षी तिचा श्वास जिना चढतानाच संपू लागला होता.

म्हणून रुपाली आज गप्प होती. पूजा थांबवायचा अधिकार तिला होता. तिने तो वापरला नाही.

तळमजल्याची मोकळी फरशी धुऊन काढलेली होती. एका रांगेत मशिनं, त्यांना झेंडूच्या माळा, हळदीकुंकवाची बोटं. हिंदुरावांनी नारळ फोडला आणि पाणी मशिनांवरून, केबलींवरून मनसोक्त शिंपडलं. जुना ट्रान्सफॉर्मर गुरगुरत होता.

"चला, कोण मारतंय टाका?" हिंदुराव म्हणाले. "पोपटराव, या. तुमी समद्यात जुनं."

पोपटने मुकाट्याने बूट काढले. उत्तरेश्वरच्या शेजारी काम केलेला तोच एक माणूस उरला होता. त्याने होल्डरकडे हात नेला. 

"थांबा पोपटराव," ती म्हणाली. "यंदा मुहूर्त मालकांच्या हातचा असू दे. एवढ्या मोठ्या इमारतीचं काम त्यांचं, आणि टाका दुसऱ्याचा?"

"वा वा, मॅडम बोलल्या!" मागून कुणीतरी ओरडलं.

"मालक, होऊन जाऊ द्या!"

"मालकांनी होल्डर धरून जमाना झाला रे, उलटा धरतील!"

हशा पिकला. हिंदुरावही हसले. चार माणसांत हात मागे घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "धर म्हणता? धरू की. आमी काय आभाळातनं पडलोय व्हय?" नारळ फोडल्यावर घातलेले बूट त्यांनी पुन्हा काढले, बाह्या सरसावल्या आणि ओल्या फरशीवरून तरातरा निघाले.

रुपालीच्या ओठांवर 'थांबा' आलं होतं. ते तिने गिळलं.

हिंदुराव ट्रान्सफॉर्मरपाशी पोचले, वाकले आणि तसेच राहिले. तळपायाखाली गार पाणी होतं. त्यांनी हळूच एक पाऊल उचललं, मग दुसरं.

"बूट आणा रे माझं," ते म्हणाले. "आन् हातमोजं."

"देवापुढे चामडं?" रुपाली म्हणाली.

"आवं मॅडम, पाय वलं हायती माझं!"

"मग? वेल्डिंगचा करंट तर नुसता चुणचुणतो."

"चुणचुणतो? मानूस चिकटून बसतो, सोडवता येत न्हाय! मी बघितलंय डोळ्यानं!"

शब्द तोंडातून गेले आणि हिंदुरावांना ते ऐकू आले. हसणारे हसायचे थांबले. नव्या पोरांना काही कळलं नव्हतं, पण पोपट खाली मान घालून उभा होता.

"कुणाला बघितलंत?" रुपाली पुढे आली. "मी सांगू? उत्तरेश्वर. मी त्यांची मुलगी."

हिंदुरावांनी तिच्याकडे नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच.

"ते प्यायले होते, म्हणालात. आता सगळ्यांसमोर सांगा. प्यायले होते?"

"पोरी, आपून हापिसात बसून बोलू."

"इथेच. नाहीतर धरा होल्डर."

ती ओरडली नाही. तिने फक्त त्या होल्डरकडे बोट दाखवलं आणि बोट खाली घेतलं नाही. हिंदुरावांनी पोपटकडे बघितलं. पोपट म्हणाला, "सांगा मालक. नायतर मी सांगतो. लई वर्सं झाली."

"न्हवता पेला," हिंदुराव म्हणाले. "मीच चामडं काढाय लावलं. तो नको म्हनत हुता."

"आणि वास?"



"दवाखान्यात न्यायच्या आदी... मी वतली त्येच्या तोंडात. शेड बंद पडली असती, पोरी."

रुपालीला वाटलं होतं, हे ऐकलं की आतला पीळ सुटेल. तो आणखी घट्ट बसला. मेलेल्या माणसाचे दात उघडून बाटली ओतणारा हात तिच्यासमोर होता, अंगठ्या घातलेला, कुंकू लागलेला.

"पोपटराव, मेन बंद करा," ती म्हणाली. "फरशी वाळेपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही." मग ती हिंदुरावांकडे वळली. "चला. कंपनीची सुमो बाहेर उभी आहे. खडकीला जायचंय. आत्ता जे बोललात ते माझ्या आईला सांगायचं, ह्याच शब्दांत. बाटलीसकट. तिथून चौकीत."

"चला की. बूट तरी घालू द्या."

"नको. असेच चला."

फाटकापर्यंतच्या वाटेवर खडी पसरलेली होती, आणि खडीत ग्राइंडिंगचा चुरा, तारांचे तुकडे. हिंदुराव पाय उचलून उचलून चालत होते. मागे अख्खी गँग बघत होती. त्यांना आधार द्यायला कुणी पुढे आलं नाही. रुपाली त्यांच्या चालीने, हळू, बाजूने चालत राहिली. एका जागी ते विव्हळून थांबले, तेव्हा तीही थांबली. त्यांनी टाचेतून तार उपसून काढली, तोवर बघत राहिली.

गाडीपाशी आल्यावर त्यांनी दाराला धरून दम घेतला.

"मॅडम," ते म्हणाले, "एक इचारू? मी खरंच होल्डर धरला असता, तर तुमी आडवलं असतं न्हवं?"

रुपालीने दार उघडलं.

"बसा," ती म्हणाली.